वाचकांचे प्रश्न : शब्दाची जात आणि क्रियापदाचे रूप

प्रश्न : माझ्या मुलीला शब्दांच्या आठ जाती, त्यांच्या व्याख्या आणि पोटप्रकार तोंडपाठ आहेत, परंतु वाक्यातील एखाद्या शब्दाची जात विचारली की ती अडखळते. ‘वर’ हा शब्द एका वाक्यात क्रियाविशेषण अव्यय आणि दुसऱ्या वाक्यात शब्दयोगी अव्यय कसा काय होतो, असे तिने विचारले, तेव्हा मलाही उत्तर सुचले नाही. (एक पालक)

उत्तर : आपल्या मुलीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. शाळेत जाती शिकवताना प्रत्येक जातीखाली शब्दांची यादी दिली जाते आणि त्यामुळे जात ही शब्दाला कायमची चिकटलेली असते, अशी समजूत होऊन बसते. वस्तुतः शब्द वाक्यात आल्यावर जे काम करतो, त्यावरून त्याची जात ठरते. ‘पतंग वर गेला’ या वाक्यात ‘वर’ हा शब्द स्वतंत्रपणे उभा आहे, तो जाण्याची दिशा सांगतो आणि त्याचा संबंध थेट ‘गेला’ या क्रियापदाशी आहे. म्हणून येथे तो क्रियाविशेषण अव्यय ठरतो. ‘पतंग छतावर अडकला’ या वाक्यात तोच शब्द ‘छत’ या नामाला जोडून आला आहे आणि जोडला जाताना त्याने त्या नामाला ‘छता’ हे सामान्यरूप घ्यायला लावले आहे. म्हणून येथे तो शब्दयोगी अव्यय आहे. पुढे जाऊन ‘वरचा मजला’, ‘वरची खोली’, ‘वरचे दार’ ही उदाहरणे घेतली, तर त्याच ‘वर’ला ‘चा’ हा प्रत्यय लागून जो शब्द तयार झाला आहे, तो नामाविषयी माहिती देतो आणि त्या नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतो, म्हणजे विशेषणाचे काम करतो.

मुलीला प्रत्येक वेळी दोन गोष्टी तपासायला सांगा. हा शब्द वाक्यातील कोणत्या शब्दाशी बांधलेला आहे, हे आधी पाहावे. मग त्याचे स्वतःचे किंवा शेजारच्या शब्दाचे रूप त्या संबंधामुळे बदलले आहे का, हे पाहावे. ‘तो आला’ या वाक्यात ‘तो’ नामाच्या जागी आला आहे, म्हणून सर्वनाम. ‘तो मुलगा आला’ या वाक्यात नाम हजर आहे आणि ‘तो’ त्या नामाकडे बोट दाखवतो, म्हणून सार्वनामिक विशेषण. ‘शहाणा मुलगा’ यात ‘शहाणा’ विशेषण आहे. ‘शहाण्याला शब्दाचा मार’ या म्हणीत मात्र त्याला विभक्तीचा प्रत्यय लागला आहे आणि तो नामासारखा वागतो आहे.

केवळ रूपावर विसंबले तर फसगत होते, हेही तिला सुरुवातीलाच सांगितलेले बरे. विशेषण विकारी असते, असे पाठ्यपुस्तक सांगते. ‘चांगला, चांगली, चांगले’ यांना ते लागू पडते, परंतु ‘सुंदर’, ‘लाल’, ‘हुशार’ ही विशेषणे लिंग बदलले, वचन बदलले, तरी जशीच्या तशी राहतात. उलट ‘मुलगा चांगला खेळतो’ आणि ‘मुलगी चांगली खेळते’ या वाक्यांत ‘चांगला’ खेळण्याची रीत सांगतो, म्हणजे काम क्रियाविशेषणाचे करतो, आणि तरीही कर्त्याप्रमाणे बदलतो. म्हणूनच काळजीपूर्वक लिहिणारे व्याकरणकार ‘क्रियाविशेषण’ आणि ‘क्रियाविशेषण अव्यय’ या दोन संज्ञा वेगळ्या ठेवतात. येथे ‘चांगला’ हे क्रियाविशेषण आहे, पण अव्यय नाही. शब्दयोगी अव्ययांतही अशीच एक गोम आहे. ‘वर’, ‘खाली’, ‘साठी’, ‘मुळे’ ही अव्यये नामाचे सामान्यरूप करून घेतात. परंतु ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’, ‘देखील’ यांसारखी शुद्ध शब्दयोगी अव्यये नामाला धक्का लावत नाहीत. ‘मुलगासुद्धा आला’ असे आपण म्हणतो, ‘मुलग्यासुद्धा आला’ असे म्हणत नाही. ‘मी पण येतो’ यातील ‘पण’ याच गटातला. ‘मी आलो, पण तो भेटला नाही’ यातील ‘पण’ मात्र दोन वाक्ये जोडणारे उभयान्वयी अव्यय आहे.

आठ हा आकडाही दगडावरची रेघ समजू नये. ‘निरुक्त’कार यास्काने पदांचे नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग आणि निपात (अव्यये) असे चार वर्ग केले. पाणिनीने रूपावरून सुबन्त (विभक्तीचे प्रत्यय लागलेले) आणि तिङन्त (क्रियापदाचे प्रत्यय लागलेले) हे दोनच प्रकार मानले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण 1836 साली प्रसिद्ध झाले, त्या काळात इंग्रजी व्याकरणाचा आराखडा समोर होता आणि त्या वळणाची आठ जातींची मांडणी मराठीत रुजली. ही मांडणी सोयीची आहे आणि मला ती टाकून द्यावीशी वाटत नाही. पण भाषा तिच्या आधीपासून आहे, म्हणून काही शब्द दोन कप्प्यांच्या सीमेवर सापडले तर त्यात मुलीची चूक मानू नये. एकच शब्द घेऊन तो वेगवेगळ्या कामांवर लावणारी वाक्ये तिला स्वतः तयार करू द्या. व्याख्या पुन्हा पाठ करण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

प्रश्न : ‘वाचून’, ‘वाचताना’, ‘वाचलेले’, ‘वाचणारा’ या सर्व शब्दांत वाचण्याची क्रिया आहे. मग त्यांना क्रियापद का म्हणत नाहीत? आणि क्रियापद म्हणायचे नसेल, तर ‘वाचून टाकले’ याला संयुक्त क्रियापद कसे म्हणतात? (स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक विद्यार्थिनी)

उत्तर : क्रिया दाखवणे एवढीच क्रियापदाची ओळख नव्हे, वाक्याचा अर्थ पूर्ण करणे ही त्याची खरी खूण आहे. ‘मी पुस्तक वाचून’ एवढे बोलून कोणी थांबला, तर ऐकणारा पुढचा शब्द येण्याची वाट पाहतो. ‘मी पुस्तक वाचले’ म्हटल्यावर ती अपेक्षा उरत नाही. ‘वाच’ हा धातू. त्याला काळ, अर्थ (म्हणजे आज्ञा, इच्छा यांसारखा बोलण्याचा हेतू), पुरुष, वचन दाखवणारे प्रत्यय लागून वाक्य पूर्ण करणारे जे रूप होते ते क्रियापद, आणि ‘ऊन’, ‘ताना’, ‘लेला’, ‘णारा’, ‘णे’ यांसारखे प्रत्यय लागून जी अपुरी रूपे होतात ती धातुसाधिते अथवा कृदन्ते.

एक वाक्य उलगडून पाहू. ‘धावत आलेल्या मुलाने दार उघडून आत बसलेल्या आजीला हाक मारली.’ या वाक्यात धावणे, येणे, उघडणे, बसणे आणि मारणे असे पाच धातू आहेत, परंतु क्रियापद एकच आहे आणि ते शेवटी आहे. ‘धावत’ हा शब्द येण्याची रीत सांगतो, म्हणून क्रियाविशेषणासारखा. ‘आलेल्या’ हा शब्द ‘मुलाने’ या नामाविषयी माहिती देतो आणि नामाला प्रत्यय लागल्यामुळे ‘आलेला’चे ‘आलेल्या’ झाले आहे. हे वागणे विशेषणाचे आहे. ‘उघडून’ ही हाक मारण्याआधी संपलेली क्रिया असून तिचे रूप कशानेही बदलत नाही. ‘बसलेल्या’ पुन्हा विशेषणासारखा, या वेळी आजीसाठी. ‘मारली’ हे रूप मात्र ‘हाक’ या स्त्रीलिंगी कर्माशी जुळते आणि त्यावर वाक्य मिटते. मुलाच्या जागी ‘मुलीने’ घातले तरी ‘मारली’ बदलणार नाही. ‘हाक मारली’ऐवजी ‘आवाज दिला’ म्हटले की क्रियापद लगेच पुल्लिंगी होईल.

याच वाक्यात धातुसाधितांचा दुहेरी स्वभावही दिसतो. ‘उघडून’ हे क्रियापद नाही, तरी ‘दार’ हे त्याचे स्वतःचे कर्म आहे. ‘पत्र लिहिण्यासाठी’ यात ‘लिहिणे’ला नामाप्रमाणे सामान्यरूप झाले आहे आणि तरीही धातूच्या स्वभावानुसार त्याने ‘पत्र’ हे कर्म सोबत ठेवले आहे. धातुसाधित शब्द अंगावर दुसऱ्या जातीचा पोशाख घालतो, पण धातूचे नाते तोडत नाही, हे लक्षात घेतले की परीक्षेतील निम्मे गोंधळ आपोआप मिटतात.

आता संयुक्त क्रियापद. ‘तो पत्र लिहून गेला’ आणि ‘त्याने पत्र लिहून टाकले’ ही वाक्ये वरवर सारखी दिसतात. दोन्ही क्रिया सुट्या करून पाहा. ‘त्याने पत्र लिहिले आणि तो गेला’ हा अर्थ नीट लागतो. येथे क्रिया दोन आहेत, म्हणून ‘लिहून गेला’ हे या अर्थी संयुक्त क्रियापद नव्हे. ‘त्याने पत्र लिहिले आणि टाकले’ असे म्हटले तर मूळ वाक्याचा अर्थच हरवतो, कारण ‘टाकले’ने आपला टाकण्याचा अर्थ सोडून लिहिण्याचे काम एकदाचे उरकल्याची छटा दिली आहे. मुख्य अर्थ धातुसाधिताकडे आणि वाक्य पूर्ण करण्याचे काम सहायक क्रियापदाकडे, अशी वाटणी झाली की ते संयुक्त क्रियापद समजावे. ‘त्याने कागद फाडून टाकला’ यासारख्या वाक्यात दोन्ही अर्थ संभवतात; तो कागद कोठेतरी खरोखर टाकला असेल तर क्रिया दोन, नुसता फाडून संपवला असेल तर संयुक्त क्रियापद. अशा वेळी संदर्भ पाहावा लागतो आणि परीक्षकानेही संदर्भ द्यायला हवा.

जाता जाता आणखी एक गोष्ट, जी पुस्तकांतून सहसा ठळकपणे सांगितली जात नाही. ‘लिहिणे’ सकर्मक आहे, म्हणून ‘त्याने पत्र लिहिले’ असे होते. पण ‘तो पत्र लिहू लागला’ असेच आपण म्हणतो, ‘त्याने लिहू लागले’ असे म्हणत नाही; आणि ‘त्याने पत्र लिहायला घेतले’ असे म्हणताना मात्र ‘ने’ परत येतो. कर्त्याला ‘ने’ लागणार की नाही, हे येथे ‘लागणे’ आणि ‘घेणे’ या सहायक धातूंनी ठरवले आहे. मुख्य अर्थ देणाऱ्या ‘लिहिणे’ला त्यात मत नाही.

प्रश्न : ‘मी पत्र लिहिले’ असे आपण म्हणतो आणि ‘मी धडा शिकलो’ असेही म्हणतो. दोन्ही क्रियापदे सकर्मक असताना एक कर्माप्रमाणे आणि दुसरे कर्त्याप्रमाणे का चालते? शिवाय ‘तू पत्र लिहिलेस’ यातील ‘स’ कोठून आला? (मराठी शिकवणारे एक शिक्षक)

उत्तर : आपला प्रश्न मराठी क्रियापदाच्या गाभ्यापर्यंत नेणारा आहे, म्हणून थोडे मागे जाऊन उत्तर देतो. ‘गेला’, ‘लिहिले’ ही ल-प्रत्ययाची रूपे संस्कृतातील ‘गत’, ‘लिखित’ अशा क्त-प्रत्ययान्त, म्हणजे क्रिया झाल्याचे सांगणाऱ्या ‘त’ प्रत्ययाच्या, कृदन्तांच्या परंपरेतून आली आहेत. संस्कृतात सकर्मक धातूंचे हे कृदन्त सामान्यतः कर्माशी जुळते, म्हणून ‘तेन पत्रं लिखितम्’. गत्यर्थक आणि अकर्मक धातूंचे कर्त्याशी जुळू शकते, म्हणून ‘सः गतः’. मराठीने ही दोन्ही वळणे जपली आहेत. ‘त्याने पत्र लिहिले’ आणि ‘तो गेला’ ही वाक्ये त्या जुन्या रचनांच्या शेजारी ठेवली की सांधा स्पष्ट दिसतो. वर्तमानकाळात सकर्मक-अकर्मक हा भेद कर्त्याच्या रूपाला जाणवत नाही, ‘तो लिहितो’ आणि ‘तो जातो’ एकाच साच्याचे असतात, याचे कारणही हेच: तेथे क्त-प्रत्ययाचा वारसा नाही.

‘शिकणे’ या नियमातून सुटते, आणि ते एकटेच सुटत नाही. ‘ती कविता विसरली’, ‘तो रस्ता चुकला’, ‘ती साडी नेसली’, ‘तो पाणी प्याला’, ‘मुले नवा खेळ खेळली’ ही सर्व वाक्ये कर्म असूनही कर्तरी प्रयोगाची, म्हणजे क्रियापद कर्त्याप्रमाणे चालणारी, आहेत. या धातूंकडे पाहिले तर एक कल दिसतो: यांपैकी बऱ्याच क्रियांचा परिणाम बाहेरच्या वस्तूपेक्षा करणाऱ्यावरच अधिक होतो. पत्र लिहिल्याने पत्र अस्तित्वात येते. धडा शिकल्याने धडा बदलत नाही, शिकणारा बदलतो. मात्र हा कल आहे, नियम नव्हे. ‘कुत्रा त्याला चावला’ या वाक्यात परिणाम कोणावर झाला हे सांगायला नको, तरीही प्रयोग कर्तरीच आहे. ‘म्हणणे’ हा धातू तर दोन्हीकडे चालतो. ‘तो म्हणाला’ आणि ‘त्याने म्हटले’ या दोन्ही रचना शुद्ध आहेत आणि त्यांच्यासाठी धातूने दोन वेगळी रूपे राखली आहेत. म्हणून विद्यार्थ्यांना कारण जरूर सांगावे, पण हे धातू वाक्यांसह ओळखीचे करून द्यावेत.

‘मी’ आणि ‘तू’ यांच्यामुळे वर्गात जास्त घोळ होतो. आजच्या मराठीत ‘मी, आम्ही, तू, तुम्ही’ यांची प्रथमा आणि कर्त्याची तृतीया दिसायला सारखीच असते. जुन्या मराठीत ‘म्यां’, ‘त्वां’ अशी वेगळी रूपे होती, ती प्रमाण लेखनातून गेली. त्यामुळे ‘मी पत्र लिहिले’ आणि ‘मी धडा शिकलो’ यांतील ‘मी’कडे पाहून प्रयोग ओळखता येत नाही. अशा वेळी ‘मी’ काढून तृतीय पुरुष घालावा. पहिल्या वाक्यात ‘त्याने’ येतो, दुसऱ्यात ‘तो’. उत्तर तेथेच मिळते. नंतर कर्म बदलून पाहावे: लेख लिहिला, चिठ्ठी लिहिली, पत्र लिहिले, चिठ्ठ्या लिहिल्या. क्रियापद कर्माच्या मागोमाग बदलत गेले की कर्मणी प्रयोग निश्चित होतो. कर्मालाच ‘ला’ किंवा ‘ना’ लागले, जसे ‘तिने मुलाला उठवले’, ‘तिने मुलींना उठवले’, तर क्रियापद कोणाशीच जुळत नाही आणि नपुंसकलिंगी एकवचनात थांबते. तो भावे प्रयोग.

‘लिहिलेस’ हे रूप मला मराठीतील अतिशय देखण्या रूपांपैकी एक वाटते. त्यात ‘ले’ कर्माचे ऐकतो आणि ‘स’ कर्त्याचे. ‘तू लेख लिहिलास’, ‘तू चिठ्ठी लिहिलीस’, ‘तू पत्र लिहिलेस’ यांत शेवटच्या ‘स’च्या आधीचा स्वर कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतो आणि ‘स’ मात्र ‘तू’साठी अढळ राहतो, ‘तुम्ही पत्रे लिहिलीत’ म्हटले की त्या जागी ‘त’ येतो. हा ‘स’ आला आहे तो ‘तू गेलास’, ‘तू बसलास’ अशा कर्तरी रूपांच्या साम्याने. एकाच क्रियापदात कर्तरी आणि कर्मणी या दोन्ही प्रयोगांच्या खुणा असल्यामुळे याला कर्तृ-कर्म संकर म्हणतात. ‘तू पत्र लिहिले’ असे ‘स’ गाळून लिहिण्याची पद्धत अलीकडे वाढते आहे. प्रमाण लेखनात ‘स’ ठेवावा, असे माझे मत आहे, कारण तो गेला तर एवढी नाजूक व्यवस्था नकळत पुसली जाईल.

प्रश्न : ‘थांब, आलोच’ असे म्हणणारा अजून आलेला नसतो. मग ‘आलो’ भूतकाळ कसा? तसेच ‘लिहिले आहे’ याला वर्तमानकाळ का म्हणायचे? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी)

उत्तर : रूप आणि काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा मान्य केले की दोन्ही शंका सुटतात. ‘आलो’ हे रूप बहुतेक वेळा भूतकाळासाठी वापरले जाते. पण ‘आलोच’ म्हणताना बोलणारा आपले येणे इतके निश्चित मानतो की ते झाल्यासारखेच सांगतो. ‘पाऊस पडला तर सामना रद्द होईल’ यात ‘पडला’ ही नुसती अट आहे. ‘मी उद्या निघतो’ यात वर्तमानकाळाचे रूप भविष्यासाठी आले आहे. मोरो केशव दामले यांच्या 1911 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याकरणात ताख्यात, लाख्यात, वाख्यात अशी (अनुक्रमे ‘त’, ‘ल’, ‘व’ प्रत्ययांच्या) रूपावरून दिलेली नावे आढळतात, त्यांचा फायदा येथे दिसतो: ‘आलो’ला लाख्यात म्हटले की रूपाची ओळख पटते आणि काळ कोणता, हे वाक्य पाहून ठरवायला मोकळीक राहते. शालेय पुस्तकांतून ही नावे जवळजवळ नाहीशी झाली आहेत, याचे मला वाईट वाटते.

‘लिहिले आहे’ यात ‘लिहिले’ क्रिया संपल्याचे सांगते आणि ‘आहे’ ती स्थिती आत्ता टिकून असल्याचे सांगते. काळ सहायक क्रियापदावरून ठरतो, म्हणून पूर्ण वर्तमानकाळ. ‘लिहिले होते’ पूर्ण भूतकाळ आणि ‘लिहिले असेल’ पूर्ण भविष्यकाळ. या शेवटच्या रूपाने बोलणारा अनेकदा भविष्य न सांगता अंदाज व्यक्त करतो, हेही विसरू नये.

प्रश्न : ‘पाहिजे’ हे क्रियापद कोणत्या काळाचे मानावे? त्याची बाकीची रूपे का आढळत नाहीत? (एक वाचक)

उत्तर : जुन्या मराठीत ‘कीजे’, ‘जाणिजे’, ‘म्हणिजे’ अशी ‘इजे’ प्रत्ययाची कर्मणी रूपे नेहमी येत असत. ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’चे त्याच घडणीचे रूप असून बाकीची रूपे मागे पडल्यावर ते ‘हवे’ या अर्थाने टिकून राहिले. त्यामुळे त्याला इतर धातूंसारखी सगळी रूपे नाहीत आणि व्याकरणकार त्याला ‘आहे’, ‘नाही’, ‘नको’, ‘नये’ यांच्याबरोबर अनियमित क्रियापदांत बसवतात. आजच्या वापरात ते वर्तमानकाळी आहे. भूतकाळासाठी ‘पाहिजे होते’ असे म्हणावे लागते. वचनाचा विकार मात्र त्याला होतो, म्हणून ‘मला पुस्तक पाहिजे’, पण ‘मला पुस्तके पाहिजेत’.

प्रश्न : ‘लिहित’ की ‘लिहीत’, ‘धुऊन’ की ‘धुवून’, ‘पहा’ की ‘पाहा’? (मुद्रितशोधनाचे काम करणाऱ्या एक वाचक)

उत्तर : ‘लिहीत’ हा शब्द अकारान्त असल्यामुळे त्यातील उपान्त्य, म्हणजे शेवटच्या अक्षराआधीचा, इकार दीर्घ येतो, जसा तो ‘बहीण’ या शब्दात येतो, ‘लिहितो’, ‘लिहिताना’, ‘लिहिते’ यांत शेवट अकारान्त नाही, म्हणून तो ऱ्हस्व. ‘ऊन’ प्रत्ययाच्या बाबतीत मूळ धातू पाहावा. धातूच्या शेवटी ‘व’ असेल तर ‘वून’ लिहावे: धाव–धावून, ठेव–ठेवून, जेव–जेवून. ‘व’ नसेल तर ‘ऊन’ लिहावे: जा–जाऊन, गा–गाऊन, धू–धुऊन. ‘पाहणे’, ‘राहणे’, ‘वाहणे’ ही रूपे अशीच लिहावीत, ‘पहाणे’, ‘रहाणे’ लिहू नये. आज्ञार्थात मात्र ‘पाहा’, ‘राहा’ यांच्याबरोबर ‘पहा’, ‘रहा’ ही रूपेही मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी मान्य केली आहेत, तेव्हा एका मजकुरात दोहोंपैकी एकच रूप शेवटपर्यंत ठेवावे.